तोट्यातल्या विक्रीचे बिल कोण भरतो?

२००३ च्या जुलैत मुंबईकरांच्या नजरेस मोबाइलची अशी एक जाहिरात पडली की सुरुवातीला कोणाचा विश्वासच बसेना. ५०१ रुपये भरायचे आणि नवा कोरा हँडसेट घेऊन घरी जायचे. उरलेली किंमत पुढच्या बिलांमधून हप्त्याहप्त्याने फेडायची. योजनेचे नाव होते 'मान्सून हंगामा' आणि कंपनी होती रिलायन्स इन्फोकॉम. ट्रॉम्बेहून मानखुर्दमार्गे वाशीचा पूल ओलांडला की उत्तरेला कोपरखैरणे लागते. तिथल्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून या कंपनीचा कारभार चालत असे. मोबाइल हे तोवर साहेबांच्या खिशातले यंत्र होते. ते रिक्षावाल्याच्या, भाजीवालीच्या, खाडीवर मासे विकणाऱ्यांच्या हातात आणण्याची भाषा पहिल्यांदा याच कंपनीने केली. पहिल्या दहा दिवसांतच दहा लाखांच्या आसपास ग्राहक मिळाल्याचे तेव्हा सांगितले गेले.

तो हँडसेट नीट पाहिला की योजनेमागचा हिशोब उलगडतो. त्यात सिमकार्ड नव्हते. सीडीएमए तंत्रज्ञानावर चालणाऱ्या त्या फोनमध्ये ग्राहकाचा नंबर थेट यंत्रातच भरलेला असे. त्यामुळे सिम काढून दुसऱ्या कंपनीचे घालण्याची सोयच नव्हती. फोन घेतला म्हणजे बोलायचे ते रिलायन्सच्याच जाळ्यावर. यंत्रावरचा पैसा आज अंगावर घ्यायचा आणि पुढची काही वर्षे तो मिनिटामिनिटाने वसूल करायचा, असा तो बेत होता.

बेत फसला तो वसुलीत. अनेकांनी ५०१ रुपये भरले, काही महिने फोन वापरला आणि नंतर बिल भरणेच थांबवले. पत्ते सापडेनात, वसुलीची माणसे दारोदार फिरू लागली, बुडीत येणी फुगत गेली. फोन ग्राहकाच्या हातात होता आणि तोटा कंपनीच्या वहीत.

मूळ वस्तू पदरचे घालून विकायची आणि कमाई तिच्यावर चालणाऱ्या गोष्टीतून करायची, ही युक्ती जगात सर्वांत जास्त वापरली ती व्हिडिओ गेमच्या धंद्याने. सोनी, मायक्रोसॉफ्ट, सेगा, काही वेळा निंटेंडोसुद्धा, अशा बड्या कंपन्यांनी आपले कन्सोल बनवण्याच्या खर्चापेक्षा कमी दरात विकले आहेत. काहींनी त्यातून साम्राज्य उभारले, तर काहींवर तो धंदाच गुंडाळण्याची वेळ आली. मोबाइलपासून दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या किराण्यापर्यंत आज जे जे 'फुकट' किंवा 'निम्म्या दरात' मिळते, त्याचे अर्थकारण समजून घ्यायला कन्सोलचा इतिहास फार उपयोगी पडतो.

हिशोब चालतो कसा?

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा, फक्त खेळांसाठी बनवलेला संगणक. कंपनीला त्यातून तीन वाटांनी पैसे मिळतात. एक, स्वतःच्या गेमची विक्री. दोन, दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेल्या गेमवरची रॉयल्टी. आजच्या ऑनलाइन दुकानात हा वाटा साधारण ३० टक्के असतो. तीन, ऑनलाइन खेळण्यासाठी घेतली जाणारी वर्गणी. परवानगीशिवाय कोणाचीही गेम चालू नये म्हणून यंत्रात कुलूप बसवलेले असते. निंटेंडोने १९८० च्या दशकात अमेरिकेत विकलेल्या यंत्रात आणि गेमच्या कॅसेटमध्ये अशा जोडीच्या चिप होत्या. त्या एकमेकींना ओळखल्या तरच खेळ सुरू होई.

समजा, एका यंत्रामागे कंपनीला ६,००० रुपयांचा तोटा होतो आणि दर गेममागे ६०० रुपये सुटतात. ग्राहकाने दहा गेम घेतल्या की तोटा भरून निघतो. अकराव्या गेमपासून नफा. कागदावर हे सोपे दिसते. आता शंभर ग्राहक धरा. तोटा झाला सहा लाख. त्यातल्या तीस जणांनी एकही गेम विकत घेतली नाही, तर तेवढाच तोटा भरून काढायला उरलेल्या सत्तर जणांनी प्रत्येकी चौदा-पंधरा गेम घ्याव्या लागतात. आणि हे सगळे चार-पाच वर्षांत पसरलेले असते. तोटा मात्र यंत्र विकले त्याच दिवशी लागतो.

दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला उधारी देतो तेव्हा निदान वहीत नाव असते. कन्सोल तोट्यात विकणारी कंपनी अनोळखी माणसाला उधारी देते. त्याने ती फेडायचे कबूलही केलेले नसते. हा व्यवहार कुठे कुठे फसतो, ते घडून गेलेल्या गोष्टींत स्पष्ट दिसते.

८०६ डॉलरचे यंत्र, ४९९ डॉलरला

नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन-३ बाजारात आणले. त्याच्या आधीचे प्लेस्टेशन-२ तुफान चाललेले. तोवर दहा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेलेली. सोनीचा आत्मविश्वास दांडगा होता. नव्या यंत्रात आयबीएम आणि तोशिबा यांच्यासोबत घडवलेला 'सेल' हा प्रोसेसर आणि तेव्हा नव्यानेच आलेला ब्लू-रे ड्राइव्ह होता. 'आयसप्लाय' या संस्थेने ते यंत्र खोलून एकेका भागाची किंमत मांडली. नुसता ब्लू-रे ड्राइव्ह १२५ डॉलरच्या घरात. साध्या, २० जीबीच्या यंत्राचा एकूण खर्च निघाला ८०५.८५ डॉलर. अमेरिकेत त्याची किंमत होती ४९९ डॉलर. म्हणजे दर यंत्रामागे ३०० डॉलरहून अधिक तोटा.

मार्च २००७ ला संपलेल्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३२ अब्ज येनचा तोटा झाला. पुढच्या वर्षीही तो शंभर अब्ज येनच्या वरच होता. प्लेस्टेशनचे जनक केन कुतारागी २००७ मध्ये त्या विभागाच्या नेतृत्वावरून पायउतार झाले. इतका तोटा सोसूनही सोनीचे यंत्र ग्राहकाला महागच वाटत होते, कारण निंटेंडोचे 'वी' त्याच सुमारास २५० डॉलरला मिळत होते. तोट्यात विकल्याने वस्तू स्वस्त होतेच असे नाही. आठशेची वस्तू पाचशेला दिली तरी ग्राहकाच्या लेखी ती पाचशेचीच असते.

याच यंत्राच्या बाबतीत आणखी एक विलक्षण गोष्ट घडली. प्लेस्टेशन-३ वर सुरुवातीला लिनक्स ही संगणक प्रणालीही चालत असे. इतका ताकदवान प्रोसेसर एवढ्या कमी दरात दुसरीकडे कुठे मिळणार? शास्त्रज्ञांनी ही यंत्रे एकमेकांना जोडून गणिते करायला सुरुवात केली. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने २०१० मध्ये १,७६० प्लेस्टेशन-३ जोडून 'कॉन्डॉर क्लस्टर' नावाचा महासंगणक उभा केला. हे ग्राहक एकही गेम घेणार नव्हते. त्याच वर्षी सोनीने सॉफ्टवेअर अपडेट पाठवून लिनक्सची सोय काढून टाकली. सुरक्षेचे कारण दिले गेले. ज्यांनी ती सोय पाहूनच यंत्र घेतले होते, ते मात्र चिडले आणि प्रकरण कोर्टात गेले.

मुंबईतली चिप आणि शंभर रुपयांची डिस्क

यंत्र घ्यायचे पण गेम घ्यायची नाही, ही गोष्ट मुंबईकरांना सांगायला हवाई दलापर्यंत जावे लागत नाही. लॅमिंग्टन रोड, हीरा पन्ना, पार्ल्याच्या इर्ल्यातले आल्फा या ठिकाणी ज्यांनी २००० नंतरच्या दशकात प्लेस्टेशन-२ घेतले, त्यांना 'चिप बसवून' हा शब्द नव्याने सांगायला नको. यंत्राच्या आतल्या बोर्डवर एक छोटी चिप डाग देऊन बसवली की कंपनीने घातलेले कुलूप निघे. मग मूळ डिस्कऐवजी तिची नक्कल चाले आणि ती शंभर-सव्वाशे रुपयांत मिळे. अस्सल गेमची किंमत त्याच्या कितीतरी पट. महिना आठ-दहा हजार कमावणाऱ्या घरातल्या मुलाने काय घ्यावे, याचे उत्तर उघड होते.

त्या व्यवहारात दुकानदाराचे भागले, चिप बसवणाऱ्या कारागिराचे भागले, मुलाची हौस भागली. रॉयल्टीचा रुपया मात्र कंपनीपर्यंत पोहोचलाच नाही. यंत्रावर सोसलेला तोटा अशा बाजारात कधीच परत येत नाही. उलट जितकी यंत्रे जास्त खपतात तितकी जखम मोठी होते.

त्याआधी, नव्वदच्या दशकात, महाराष्ट्रातल्या घराघरांत 'टीव्ही गेम' आला होता. निंटेंडोच्या फॅमिकॉम या कन्सोलची ती नक्कल. दोन रिमोट, एक बंदूक आणि '९९९९ इन १' असे लिहिलेली पिवळी कॅसेट. प्रत्यक्षात तिच्यात मोजकेच खेळ उलटसुलट भरलेले. ही नकली यंत्रे स्वस्त होती, पण तोट्यात विकलेली नव्हती. बनवणाऱ्याला पुढे रॉयल्टी मिळण्याची आशाच नसल्याने जे कमवायचे ते त्याने यंत्राच्या किमतीतच कमावले. धंदा बेकायदा होता, पण त्याच्या हिशोबात पुढच्या वसुलीचे ओझे नव्हते.

आज ऑनलाइन खात्यांमुळे नकली डिस्कचा धंदा बराच आटला आहे. तरीही तोट्यातल्या विक्रीचा फायदा भारतीय ग्राहकापर्यंत जसाच्या तसा येत नाही. अमेरिकेत ४९९ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने ३६-३७ हजार रुपयांना मिळणारे प्लेस्टेशन-५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आले ते ४९,९९० रुपयांना. आयात शुल्क, जीएसटी आणि वितरणाचा खर्च धरला की कंपनीने सोडलेला पैसा वाटेतच जिरून जातो.

खर्च उतरेल, या भरवशावर

तोट्यात विकणारी प्रत्येक कंपनी एका गोष्टीवर विसंबून असते: आज महाग पडणारे सुटे भाग उद्या स्वस्त होतील. बरेचदा ते होतातही. ४९९ डॉलरच्या प्लेस्टेशन-५ वर आता तोटा होत नाही, असे सोनीने बाजारात आल्यावर नऊ-दहा महिन्यांत, ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले.

मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये २९९ डॉलरला आलेल्या या यंत्राची किंमत सोनीशी झुंजताना सहा महिन्यांत १९९ वर आणावी लागली. आतला प्रोसेसर इंटेलचा, ग्राफिक्सची चिप एनव्हिडियाची आणि आत एक हार्ड डिस्क. चिपचे आराखडे स्वतःच्या मालकीचे नसल्याने त्या आणखी स्वस्तात बनवून घेण्याची मोकळीक मायक्रोसॉफ्टला नव्हती. एनव्हिडियाशी दरावरून वाद लवादापर्यंत गेला. हार्ड डिस्कचे तर आणखी वेगळे. तिची क्षमता वर्षागणिक वाढते, पण मोटार, तबकड्या, धातूचे कवच यांचा किमान खर्च काही केल्या खाली येत नाही. चार वर्षांत त्या विभागाचा तोटा सुमारे चार अब्ज डॉलर झाला. पुढच्या एक्सबॉक्स ३६० साठी कंपनीने चिपच्या आराखड्यांवर ताबा मिळवला, पण यंत्रेच मोठ्या प्रमाणावर बिघडू लागली. समोर लाल दिव्यांचे कडे पेटले की यंत्र गेले असे समजायचे. जुलै २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवून त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. यंत्रावर नफाच नसला की अशा संकटात हाताशी उशी उरत नाही.

मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या उपाध्यक्षांनी शपथेवर सांगितले, की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीने आजवर कधीही नफा कमावलेला नाही. वीस वर्षे हे परवडले, कारण विंडोज आणि ऑफिसची कमाई पाठीशी होती. आणि आता तर सुटे भाग स्वस्त होण्याचा नियमच डळमळला आहे. २०२५ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही अमेरिकेत पाच वर्षे जुन्या कन्सोलच्या किमती वाढवल्या. पूर्वी इतक्या जुन्या यंत्राची किंमत निम्म्यावर येत असे.

ज्यांच्या पाठीशी कोणी नव्हते

सेगाच्या पाठीशी विंडोज नव्हते. १९९९ मध्ये अमेरिकेत १९९ डॉलरला आलेले तिचे ड्रीमकास्ट हे यंत्र आजही जाणकार गौरवाने आठवतात. पण आधीच्या यंत्राच्या अपयशाने कंपनी पोखरलेली होती. २००० मध्ये प्लेस्टेशन-२ आले, तेही डीव्हीडी दाखवणारे. सेगाने किंमत आणखी कमी केली, तोटा वाढला. त्यात ड्रीमकास्टच्या रचनेतल्या एका उणिवेमुळे नकली गेम चालवायला चिपसुद्धा लागत नसे. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने कन्सोलचा धंदा सोडत असल्याचे जाहीर केले. तोवर ९० लाखांच्या आसपास यंत्रे विकली गेली होती. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःची सुमारे ७० कोटी डॉलरची मालमत्ता कंपनीला देऊन टाकली, म्हणून ती तगली. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. सेगा आज गेम बनवते, पण त्या चालतात दुसऱ्यांच्या यंत्रांवर.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची गोष्ट त्याआधीची. कॅल्क्युलेटर आणि चिपमध्ये दबदबा असलेल्या या कंपनीने १९८१ मध्ये ५२५ डॉलरचा घरगुती संगणक आणला. कमोडोर कंपनीचे जॅक ट्रॅमिएल यांनी दरयुद्ध पेटवले आणि १९८३ पर्यंत टेक्सासचा संगणक ९९ डॉलरवर आला. टेक्सासचा हिशोब होता की यंत्रावरचा तोटा सॉफ्टवेअरमधून भरून काढू. म्हणून तिने बाहेरच्यांना त्या यंत्रासाठी सॉफ्टवेअर बनवू देण्यात अडथळे घातले. परिणामी कार्यक्रम कमी, म्हणून ग्राहकही कमी. तिकडे कमोडोरने चिप बनवणारी कंपनीच १९७६ मध्ये विकत घेतलेली असल्याने तिला तोच दर परवडत होता. ऑक्टोबर १९८३ मध्ये टेक्सासने घरगुती संगणकांतून माघार घेतली. दोघांची किंमत सारखी दिसत होती, पण एकाचा तो खरा दर होता आणि दुसऱ्याचा ओढूनताणून आणलेला.

निंटेंडो सहसा या वाटेला जात नाही. २०११ मध्ये मात्र हातात धरून खेळायचे '३डीएस' खपेना, तेव्हा सहा महिन्यांतच जपानमध्ये त्याची किंमत २५,००० येनवरून १५,००० वर आणावी लागली आणि यंत्र तोट्यात विकावे लागले. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला आणि आधी पूर्ण पैसे मोजलेल्या ग्राहकांना वीस गेम फुकट दिल्या. त्या वर्षी कंपनीला ४३ अब्ज येनचा तोटा झाला. ज्यांनी तो निर्णय घेतला, त्यांनीच पहिली झळ सोसली. या धंद्यात हे दृश्य दुर्मीळ आहे.

याच्या उलट टोकही तितकेच घातक ठरलेले आहे. १९९३ मधला '३डीओ' कन्सोल बनवण्याचे काम परवान्याने पॅनासोनिकसारख्या कंपन्यांकडे दिले होते. गेमच्या रॉयल्टीत त्यांचा वाटा नसल्याने त्या तोटा कशाला सोसतील? किंमत ठेवली गेली ६९९ डॉलर आणि यंत्र पडून राहिले. तोट्यात विकणे हा मूर्खपणा असता तर शहाण्या कंपन्यांनी ते पुन्हा पुन्हा केलेच नसते. धोका सुरू होतो तो वसुलीची वाट आपल्या ताब्यात नसताना तोटा अंगावर घेतला की.

खाडीपलीकडचा दुसरा डाव

२००५ मध्ये अंबानी बंधूंची वाटणी झाली आणि इन्फोकॉम अनिल अंबानींकडे गेली. अकरा वर्षांनी, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, मुकेश अंबानींनी जिओ सुरू केली. मुख्यालय पुन्हा खाडीपलीकडेच, घणसोलीत. या वेळी दीड लाख कोटी रुपयांहून अधिक गुंतवणूक आधीच झालेली होती. बोलणे कायमचे फुकट राहील असे जाहीर झाले, आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत इंटरनेटही फुकट. १७० दिवसांत दहा कोटी ग्राहक झाले. जुलै २०१७ मध्ये जिओफोन जाहीर झाला: १,५०० रुपयांची अनामत, तीही तीन वर्षांनी परत. तो फोन चालायचा फक्त जिओच्या सिमवर. पुढच्या वर्षी जुना फोन देऊन ५०१ रुपयांत जिओफोन नेण्याची योजना आली. तिचे नावही 'मान्सून हंगामा'च होते.

पहिल्या वेळी जे फसले ते दुसऱ्या वेळी साधले. जिओने आधी पैसे घेऊन मग सेवा देणारा प्रीपेड रिचार्ज ठेवला, त्यामुळे बिल बुडवण्याचा प्रश्नच उरला नाही. तेलशुद्धीकरण आणि पेट्रोकेमिकल्सची रोकड मागे उभी होती. २०१७ च्या शेवटच्या तिमाहीतच जिओने ५०४ कोटींचा नफा दाखवला, आणि २०२० मध्ये फेसबुक, गूगलसह अनेकांनी जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये दीड लाख कोटींहून अधिक रुपये घातले. देशात कोट्यवधी घरांत इंटरनेट पोहोचले, हे श्रेय नाकारता येणार नाही.

पण या डावाचे बिल सगळे जिओने भरले नाही. अनिल अंबानींच्या आरकॉमची, म्हणजे पूर्वीच्या इन्फोकॉमची, मोबाइल सेवा २०१७ च्या अखेरीस बंद पडली आणि २०१९ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. बँकांचे हजारो कोटी अडकले. एअरसेल बुडाली. टाटांनी आपला मोबाइल धंदा जवळपास फुकट एअरटेलला दिला. व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एकत्र आल्या, तरी सप्टेंबर २०१९ च्या एका तिमाहीत त्यांना ५०,९२१ कोटींचा तोटा दाखवावा लागला. त्याचे मुख्य कारण सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली सरकारची थकबाकी हे होते. पण दरयुद्धाने कंपनी आधीच गलितगात्र झालेली होती. ती देणी समभागांमध्ये रूपांतरित होत गेली आणि एप्रिल २०२५ पर्यंत सरकारचा वाटा ४९ टक्क्यांच्या घरात पोहोचला. म्हणजे करदाताच त्या कंपनीचा सर्वांत मोठा भागधारक झाला. बाजारात तीन खासगी कंपन्या उरल्यावर, जुलै २०२४ मध्ये, तिघींनीही काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले. ज्याने २०१६ मध्ये फुकट सिमसाठी रांग लावली होती, तोच आता वाढीव रिचार्ज भरतो आहे.

माहुलच्या चिमण्यांखाली

ट्रॉम्बेला तोट्यातल्या विक्रीचे आणखी एक रूप शेजारीच आहे. माहुलला हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमचे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. एक पूर्वी एस्सोचा, दुसरा बर्मा शेलचा. २००४ नंतर कच्चे तेल महागत गेले, तरी सरकारी कंपन्यांचे पेट्रोल-डिझेल सरकारच्या सांगण्यावरून कमी दरात विकले जात राहिले. फरकाचा बराचसा भाग सरकार रोखे देऊन भरून देई, तोही सरकारी कंपन्यांनाच. खासगी पंपांना तो आधार नव्हता. चौदाशेहून अधिक पंप उभारलेल्या रिलायन्सने २००८ मध्ये ते बंद केले. इथे कोणी बाजारपेठ काबीज करायला निघाले नव्हते, तरी परिणाम तोच झाला: ज्याचा तोटा दुसरा कोणी भरतो, त्याच्यासमोर इतर टिकत नाहीत. २०२२ मध्ये दर गोठवले गेले, तेव्हा एकट्या हिंदुस्तान पेट्रोलियमला एप्रिल ते जून या तिमाहीत १०,००० कोटींहून अधिक तोटा झाला. घरगुती गॅसवरच्या तोट्यापोटी सरकारने त्या वर्षी तीन तेल कंपन्यांना २२,००० कोटी रुपये दिले. तोही पैसा जनतेचाच.

कायद्याची नजर कुठे पोहोचते?

प्रतिस्पर्ध्याला संपवण्यासाठी खर्चापेक्षा कमी दरात विकणे २००२ च्या स्पर्धा कायद्याचा भंग ठरू शकते, पण एका अटीवर: विकणाऱ्याचे बाजारात आधीपासून वर्चस्व असले पाहिजे. जिओविरुद्ध एअरटेलने केलेली तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०१७ मध्ये फेटाळली. जिओ बाजारात नवखी आहे, तिचे वर्चस्व नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. याउलट वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजाराने चलनाच्या वायद्यांवरचे शुल्क माफ केले, तेव्हा प्रतिस्पर्धी एमसीएक्स-एसएक्सच्या तक्रारीवरून आयोगाने जून २०११ मध्ये त्याला ५५.५ कोटींचा दंड केला होता. राष्ट्रीय शेअर बाजार दुसऱ्या विभागांत बक्कळ कमावत होता, म्हणून त्याला इथे शून्य दर परवडत होता, हे आयोगाने पाहिले.

जिओच्या बाबतीतही पैसा दुसऱ्याच धंद्यातून येत होता. मोबाइलच्या बाजारात नवखी असलेली कंपनी तेलाच्या बाजारात बलाढ्य असू शकते. कायदा मात्र प्रत्येक बाजार वेगळा मोजतो. वर्चस्व सिद्ध होईपर्यंत थांबायचे, तर तोवर प्रतिस्पर्धी बुडालेले असतात आणि मग दंड करूनही बंद पडलेली कंपनी परत उभी राहत नाही.

हा प्रश्न आता किराण्याच्या दुकानापर्यंत आला आहे. २०२४ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या वितरकांच्या देशव्यापी महासंघाने झेप्टो, ब्लिंकइट आणि स्विगी इन्स्टामार्टच्या दरांविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. दहा मिनिटांत सामान पोहोचवणाऱ्या या कंपन्या गुंतवणूकदारांच्या पैशावर खर्चापेक्षा कमी दरात विकतात, असा त्यांचा आरोप आहे. कंपन्या तो मान्य करत नाहीत. आरोपात तथ्य किती, हे हिशोब तपासूनच कळेल. म्हणूनच आयोगाने हे हिशोब वेळेत मागवले पाहिजेत: प्रत्येक ऑर्डरमागे तोटा किती, तो कुठल्या पैशातून भरला जातो, आणि तो भरून काढण्याची योजना काय. कंपनीला तोटा सोसण्याची मुभा जरूर असावी, पण हा तपशील तिने नियामकासमोर दर तिमाहीला ठेवायला हवा. चेंबूर-मानखुर्दच्या दुकानदाराला रोजच्या गल्ल्यातून भाडे, वीज आणि नोकराचा पगार भागवायचा असतो. दोन-तीन वर्षे तोटा सोसून निकालाची वाट पाहणे त्याच्या आवाक्यातले नाही.